मुळाशी की फांदीखाली

रत्नागिरी
रविवार, १२ जानेवारी २०२५

मामा,

दुरुस्ती आधी. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की शेट्ये मॅडम तुमच्या आतड्याला रक्त पुरवणारी धमनी अगदी मुळाशी बांधून तोडतील, बांडगुळाची फांदी तोडतात तशी. ते चुकलं. त्यांना विचारायच्या आधीच मी लिहून मोकळी झाले. मॅडम तुमची धमनी मुळाशी तोडणार नाहीत.

फोनवर तुम्हांला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनाने जुळवता, म्हणून नीट लिहिते. पोटातल्या महाधमनीतून एक धमनी निघते. मोठ्या आतड्याचा डावा भाग आणि गुदाशय हिच्यावर जगतात. थोडं खाली आल्यावर तिला डावीकडे एक फांदी फुटते आणि ती वरच्या आतड्याकडे जाते. तुमची गाठ खाली, गुदाशयाच्या सुरुवातीला आहे. गाठीसकट तेवढा तुकडा काढायचा आणि वरचं टोक खाली आणून जोडायचं, असं ऑपरेशन आहे. त्यासाठी धमनी कुठेतरी तोडावी लागतेच. ती फांदी फुटायच्या आधी, मुळाशी तोडली तर तिला हाय टाय म्हणतात. फांदीच्या खाली तोडली तर लो टाय. जगभर दोन्ही चालतात, आणि माझा प्रबंध याच दोन पद्धतींच्या तुलनेवर आहे. तरीही मी असं लिहिलं याची लाज वाटते.

तुमच्यासाठी मॅडम ती फांदी राखणार आहेत. ऑपरेशन फेब्रुवारीत करू म्हणतात.

मॅडमबद्दल एक सांगते. दर शनिवारी आमची बैठक असते. तिथे कुठल्या रुग्णाचं काय बिघडलं ते सांगायचं असतं. बाकीचे डॉक्टर दुसऱ्यांच्या रुग्णांपासून सुरू करतात. मॅडम स्वतःच्या रुग्णापासून सुरू करतात, आणि "माझ्या हातून" हे शब्द अगदी सहज उच्चारतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आपली पडवी आठवली. दम्यामुळे मला चढण चढून शाळेत जाता येत नव्हतं आणि चौथीपर्यंत तुम्हीच माझे मास्तर होतात. पत्र लिहायचं तर पहिली ओळ मागच्या पत्रातल्या चुकीची, मग बाकीचं. हा नियम फक्त आपल्या घरात आहे असं मला वाटायचं.

आपल्या गावची गंगा उद्या मासळी घेऊन इथल्या बाजारात येईल, तिच्याबरोबर हे पाठवते. वास येईल, सांभाळून घ्या.

तेजस्वी

---

पूर्णगड
शुक्रवार, १७ जानेवारी

तेजू,

माझ्या मागच्या पत्रात चूक नव्हती, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

तुझं पत्र मिळालं. बांगड्याचा वास होता, पण मजकूर मला त्याहून जास्त खटकला.

चाळीस वर्षं मी आंब्यावरची बांडगुळं काढतोय. बांडगूळ दिसलं की नुसती त्याची पानं ओरबाडून भागत नाही. ते फांदीत जिथवर शिरलंय त्याच्या खाली करवत लावावी लागते. दया आली आणि फांदी राखली की दोन पावसाळ्यांत ते पुन्हा हजर. हे तुला मी शिकवलं. तूच मागच्या पत्रात तसं लिहिलंस, मला पटलं, मी मनाची तयारी केली. आता लिहितेस, फांदी राखणार.

राखतात ती कोणासाठी, हे मला कळतं. म्हातारा आहे, मुळापर्यंत जाण्यात अर्थ नाही, थोडंफार काढू आणि जगतील तेवढे जगतील. तू त्या बाईंना गळ घातलीस. मामा आहे, सांभाळून करा. लहानपणी कोंबडी कापायच्या वेळी माझा हात धरायचीस, तसंच.

अर्धवट काम मला नको. करायचं तर मुळापासून, नाहीतर नको. यंदा मोहोर चांगला आलाय, मोहोर खाणारा तुडतुडाही कमी आहे. आंबा उतरला की मे अखेरीस बघू. तोवर मला काही होत नाही. जेवण व्यवस्थित आहे.

मामा

(समासात, वेगळ्या अक्षरात)
तेजू, जेवण व्यवस्थित नाय. अर्धी भाकरी उरते. आणि रक्त अजून जातंय. परवा शिडीवरून उतरताना ह्यांना घेरी आली, खाली बसले मटकन. मला म्हणाले, तेजूला लिहू नकोस. मी काय त्यांची विद्यार्थिनी नाय. — मामी

---

रत्नागिरी
मंगळवार, २१ जानेवारी

मामा,

दुरुस्ती: बांडगुळाची उपमा.

तुमचं पत्र वाचून मी वॉर्डाच्या जिन्यात बसून राहिले. तुम्ही चुकलेला नाहीत. मी चुकीची उपमा दिली आणि तुम्ही तिच्यावर बरोबर चाललात. बांडगुळाची फांदी तोडली की तोडलेल्या भागाचं काय होतं, याची आपण काळजी करत नाही. ती सरपणात जाते. इथे तसं नाही. गाठ काढल्यावर मागे राहिलेलं आतडं जगायला हवं, आणि नुसतं जगून भागत नाही. त्याची दोन टोकं एकमेकांना जोडायची आहेत आणि तो जोड धरायला हवा.

म्हणजे बांडगुळाऐवजी मला कलम आठवायला हवं होतं. तुम्ही भेट कलम बांधायचात तेव्हा मी मांडवावर कुंड्या चढवायला यायची. रोपाची साल आणि झाडाच्या फांदीची साल तासून एकमेकांना लावायची, वर पट्टी गुंडाळायची. मी विचारायची, आता फांदी तोडायची ना? तुम्ही ओरडायचात, "अगो, जोड धरेपर्यंत फांदी आईची. आधी तोडलीस तर काय पाजशील तिला?"

मॅडम राखतात ती फांदी यासाठी. मुळाशी तोडली तर वरच्या आतड्याला दुसऱ्या, लांबच्या वाटेने रक्त येतं. बहुतेकांना ते पुरतं. पण तुम्हांला साखर आहे, तीस वर्षं विडी ओढली आहेत, आणि सीटी स्कॅनमध्ये तुमच्या धमन्यांच्या भिंतींत चुना साचलेला दिसतो. लांबच्या वाटेवर किती भरवसा ठेवायचा हा प्रश्न आहे. जोड सुटला तर पोटात घाण पसरते. मी ते पाहिलं आहे आणि तुमच्या बाबतीत मला ते पाहायचं नाही.

मी कोणालाही गळ घातलेली नाही.

मामीचं समासातलं वाचलं. मे अखेरपर्यंत गाठ थांबणार नाही, मामा. ती आंब्याचा हंगाम बघत नाही.

तेजस्वी

---

पूर्णगड
बुधवार, २९ जानेवारी

तेजू,

दुरुस्ती. कमळाने समासात लिहिलं ते खरं आहे. तिने माझ्या पत्रात लिहिलं हे मात्र बरोबर नाही, पण नियम माझाच असल्यामुळे बोलायला तोंड नाही.

उत्तराला उशीर झाला. दोन दिवस उठवलं नाही. आता बरा आहे. (हे कमळा वाचून बघते आहे. म्हणते, "बरा नाय, बरासा." तसं धर.)

कलमाचं आवडलं. हे आधी सांगायला हवं होतंस. भेट कलम आता कोण बांधत नाही, सगळे पाचर कलमवाले, पण तुझ्या लक्षात राहिलं. ते पत्र मी कमळाला मोठ्याने वाचून दाखवलं. "अगो, काय पाजशील तिला" हे माझ्या आवाजात वाचलं, तर ती हसली. ती हसलेली मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

तरी एक विचारतो. कलमाला मी निरोगी फांदी निवडतो. इथे फांदीच्या मुळाशी रोग पोचला असेल तर? तूच मागे म्हणाली होतीस की हा रोग धमनीच्या कडेकडेने, त्या बारीक गाठींमधून वर चढतो. मुळाशी तोडली की त्या गाठी आपसूक निघतात. फांदी राखली तर मुळाशी असलेल्या गाठी तिथेच राहणार ना? मग मी जोड धरला म्हणून आनंद मानू आणि दोन पावसाळ्यांनी तेच पुन्हा.

आणि दुसरं. सगळं तू बाईंच्या तोंडून सांगतेस. तुझा प्रबंध यावर आहे. माझ्या जागी तू असतीस तर काय निवडलं असतंस?

मामा

---

रत्नागिरी
रविवार, २ फेब्रुवारी

मामा,

दुरुस्ती: गळ घातली नाही असं मी लिहिलं, ते पूर्ण खरं नव्हतं. तुमचा रिपोर्ट आला त्या दिवशी लिफ्टपाशी मी मॅडमना म्हणाले, "ते माझे मामा आहेत." एवढंच. पण ते म्हणण्यात काय होतं ते मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. मॅडम म्हणाल्या, "ते सीटीवर दिसत नाही," आणि लिफ्टमध्ये शिरल्या. मला रागही आला आणि हायसंही वाटलं. फांदी राखायचं त्यांनी तुमच्या धमन्या बघून ठरवलं आहे, माझ्या तोंडाकडे बघून नाही.

तुमचा प्रश्न मी जसाच्या तसा मॅडमना वाचून दाखवला. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "हे कोण करतात म्हणालीस?" मी म्हटलं, आंब्याची बाग. म्हणाल्या, "परीक्षेला यातलं पहिलं वाक्य जरी विचारलं तरी निम्मी मुलं गारद होतील." मग उत्तर दिलं: फांदी राखायची म्हणजे मुळाशी असलेल्या गाठी सोडायच्या असं नाही. धमनी न तोडता तिच्या मुळाभोवतीची चरबी आणि त्यातल्या गाठी सोलून काढता येतात. वेळ जास्त लागतो आणि हात स्थिर लागतो.

ते मी या आठवड्यात पाहिलं. सावर्ड्याच्या एक बाई होत्या. दुर्बिणीने ऑपरेशन, कॅमेरा माझ्या हातात. पडद्यावर महाधमनी ठणठण उडत होती, इतकी जवळ की मी श्वास धरून होते. मॅडमनी ती धमनी अशी उघडी केली, जशी कोलंबीची पाठ सोलून मधला काळा दोरा काढावा आणि कोलंबी कुठे फाटू नये. कडेला केसासारख्या नसा असतात. लघवीवरचा ताबा त्यांच्यावर असतो. त्या त्यांनी एकेक दाखवल्या, "ही बघ, हिला हात लावायचा नाही." घाई नव्हती, आवाज चढला नाही. शेवटी फांदी तशीच उडत होती आणि तिच्या मुळाशी काही उरलं नव्हतं. एवढं सुंदर काम मी कुठेच पाहिलेलं नाही, तुमच्या चाकूने साल निघायची ते सोडलं तर.

मी काय निवडलं असतं असं विचारलंत. दोन्ही पद्धतींमध्ये माणसं किती वर्षं जगतात यात मोठा फरक दिसत नाही. जोड सुटण्याबाबत फांदी राखणं बरं असं काही अभ्यास म्हणतात, काही म्हणतात फरक नाही. आमच्याकडचे रुग्ण इतके थोडे आहेत की त्यावरून मी काही बोलू नये. दोन्ही चालतात.

ऑपरेशनच्या वेळी मी आत नसेन. घरचं माणूस असेल तर आत राहायचं नाही असा इथला नियम आहे. बाहेर मामीजवळ बसेन.

मॅडमनी मंगळवार, १८ फेब्रुवारी दिला आहे. आदल्या दिवशी भरती व्हावं लागेल. काही आठवडे पोटावर पिशवी लागू शकते, जोडाला विश्रांती म्हणून. हे आधी लिहायला हवं होतं.

तेजस्वी

---

पूर्णगड
शुक्रवार, ७ फेब्रुवारी

तेजू,

दुरुस्ती: मेची गोष्ट मागे घेतो. १८ च्या ऑपरेशनला येतो. पिशवीचं ऐकून कमळा म्हणाली, "मी काय कमी पिशव्या शिवल्यात?" ती निराळी पिशवी आहे हे मी तिला सांगितलं. "ठाऊक आहे मला," म्हणाली.

कोलंबी वाचली. दोनदा वाचली. मी कमळाला म्हटलं, ही पोर त्या बाईंच्या हातावर भाळली आहे. ती म्हणाली, "भाळू दे. कोणाच्या तरी हातावर भाळल्याशिवाय काम येत नाय. तुमच्या नव्हती काय भाळली?"

पण शेवटी "दोन्ही चालतात" लिहिलंस, ते सरकारी उत्तर. मी माझ्या विद्यार्थिनीला विचारलं होतं, तहशिलीतल्या खिडकीला नाही.

असो. मी माझं ठरवलंय. फांदी राखायची, मुळाशी साफ करायचं. पटलं म्हणजे पटलं. आता त्यात बदल नको. बाईंनी ते संमतीच्या कागदावर लिहून द्यावं: फांदी राखणार. त्याखाली मी सही करतो. कलम बांधताना मधेच कोणी पद्धत बदलत नाही.

आणि नियम असला तरी तू बाईंना विचार. कॅमेरा तुझ्या हाती असू दे. आत आपलं माणूस हवं. फांदी राखतात की नाही ते बघायला.

कमळाच्या भाच्याने गाडी पाठवतो म्हटलं, मी नको म्हटलं. तू न्यायला आलीस तर एसटीने येईन. तुझ्याशिवाय कोणाबरोबर नाही.

मामा

(समासात)
मी तयार आहे. चादरी बांधल्या. ते रोज सकाळी बागेत जाऊन प्रत्येक कलमापाशी उभे राहतात. तू ये. — मामी

---

रत्नागिरी
मंगळवार, ११ फेब्रुवारी

मामा,

दुरुस्ती. या वेळी तीन आहेत.

एक. सावर्ड्याच्या बाईंचं लिहिलं. त्याच आठवड्यात राजापूरचे एक गृहस्थ होते, त्यांचं लिहिलं नाही. त्यांच्याही वेळी फांदी राखायचं ठरलं होतं. आत गेल्यावर मुळाशी असलेल्या गाठी कडक निघाल्या, धमनीला चिकटलेल्या. मॅडम थांबल्या. एवढ्या थांबल्या की भूलतज्ज्ञांनी मान वर करून बघितलं. मग म्हणाल्या, "नाही, इथे सोलत बसलं तर काही मागे राहील," आणि मुळाशी बांधून तोडली. मग आतड्याचं टोक कापून बघितलं. रक्त यायची वाट बघितली. आलं, लाल, उड्या मारत. तेव्हा जोडलं. ते गृहस्थ काल चालत घरी गेले. हे मी मुद्दाम गाळलं. तुम्ही वाचाल आणि पुन्हा "मेमध्ये बघू" म्हणाल अशी भीती वाटली. आधी बांडगुळाने तुम्हांला मुळाशी अडकवलं, मग कलमाने फांदीला. दोन्ही उपमा माझ्याच.

म्हणून मॅडम संमतीच्या कागदावर "फांदी राखणार" असं लिहून देणार नाहीत. मी विचारलं. त्या लिहितील की राखण्याचा प्रयत्न करू, आत जे दिसेल त्यावरून ठरवू. त्यावर सही करायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवायचं. पण मामा, कलमाचंही तुम्ही थोडं खोटं लिहिलंत. मला एक फांदी आठवते. तुम्ही ती तासायला घेतलीत, सालीखाली काळी रेघ दिसली आणि चाकू मिटून खिशात ठेवलात. झाडाखाली उभं राहून कोणी तुमच्याकडून लिहून घेतलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत?

दोन. घरच्या माणसाने आत राहायचं नाही असा नियम इथे नाही. मी तो रचला. मॅडमनी निवड माझ्यावर सोडली आहे. म्हणाल्या, "तुझा हात स्थिर आहे, हवं तर कॅमेरा धर." तुम्हांला हे कळलं तर तुम्ही मला आत पाठवाल म्हणून लपवलं. पाठवलंतच.

मी आत जाणार नाही. हात थरथरेल ही भीती आहे, पण कारण ते नाही. राजापूरच्या गृहस्थांच्या वेळी मॅडम थांबल्या तेव्हा त्यांनी आमच्यापैकी कोणाकडे बघितलं नाही. पडद्याकडे बघत होत्या. तुमच्या वेळी असा क्षण आला तर त्यांनी फक्त धमनी बघावी. कॅमेऱ्यामागे तुमची भाची उभी आहे आणि तिच्या मामांना फांदी राखायचं वचन हवं होतं, हे त्यांना त्या वेळी आठवता कामा नये. त्या म्हणतील आठवणार नाही. मीही म्हणते आठवणार नाही. पण मला ती जोखीम घ्यायची नाही. आत आपलं माणूस हवं म्हणालात. आहे. मी मॅडमच्या हाताखाली दोन वर्षं उभी राहिले आहे, ते आपलंच माणूस आहे.

तीन. "दोन्ही चालतात" हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. खरं उत्तर असं: तुमच्या जागी मी असते, आणि माझ्या धमन्या तुमच्यासारख्या असत्या, तर मी फांदी राखा, मुळाशी साफ करा असं सांगितलं असतं. आणि मग म्हटलं असतं, मॅडम, आत गेल्यावर तुम्हांला वेगळं दिसलं तर माझं ऐकू नका. हे मी प्रबंधात लिहू शकत नाही, कारण तिथे कोणाच्या हाताबद्दल लिहायला रकाना नाही.

ऑपरेशन चालू असताना मी बाहेरच्या बाकावर मामीच्या शेजारी बसेन. मॅडम बाहेर येऊन जे सांगतील, मुळाशी किंवा फांदीखाली, ते मी तुम्हांला शुद्धीवर आल्यावर पहिल्या वाक्यात सांगेन. तुमच्या डाव्या कानाशी, त्या कानाने बरं ऐकू येतं.

मामीला सांगा, चादरी दोन पुरेत. तुमचा चाकू आणू नका, इथे आत घेऊ देत नाहीत. कलमांपाशी उभं राहायचं असेल तर शनिवारपर्यंत राहून घ्या.

रविवार, १६ फेब्रुवारीला मी तुम्हांला न्यायला पूर्णगडला येते.

तेजस्वी